पंगतींतलें रिकामें पान

गेल्या चातुर्मासांत दिवेलागणीनंतर घरांतील मुलांस रामायणांतील कथा सांगण्याचा क्रम मीं ठेविला होता. अरण्यकांडांत जटायूचा प्रसंग आला. त्या वृद्ध पक्ष्यानें रावणाचा रथ अडविला, पंख तुटेपर्यंत तो झुंजला, आणि पुत्रानें पित्याचे करावे तसे श्रीरामांनीं त्याचे अंत्यसंस्कार केले, इथवर कथा आली. मुलें अगदीं चिडीचूप बसलीं होतीं. इतक्यांत धाकट्या नातवानें विचारिलें, "आजोबा, पण गिधाड दिसतें कसें हो? तुम्ही पाहिलें आहे का?"

मी उत्तर देणार, तों सूनबाई स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाली, "मामंजी, खरें सांगूं का? मीं सुद्धां तें चित्रांतच पाहिलें आहे."

मी क्षणभर स्तब्ध झालों. माझ्या लहानपणीं गांवाबाहेरच्या माळावर एखादें ढोर टाकलें कीं घटकाभरांत आकाशांत काळे ठिपके दिसूं लागत. ते ठिपके घिरट्या घालीत खालीं येत आणि पाहतां पाहतां पन्नास-साठ गिधाडांची पंगत बसे. आम्ही शाळेच्या वाटेवर नाक दाबून तो देखावा पाहत असूं. गिधाड हा पाहण्यासारखा पक्षी आहे, असें तेव्हां कोणी म्हटलें असतें तर आम्ही हंसलों असतों. आणि आज माझ्याच घरांतील दोन पिढ्यांस तो पक्षी ठाऊक नाहीं! एवढे पक्षी गेले कोठें? या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं एका संबंध शास्त्राची तोंडओळख करून घ्यावी लागते. म्हणून या महिन्याचें सदर त्या शास्त्रास वाहिलें आहे.

या शास्त्राचें नांव इकॉलॉजी. एर्न्स्ट हेकेल या जर्मन पंडितानें १८६६ सालीं हा शब्द योजिला, आणि त्याच्या मुळाशीं जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ चक्क 'घर' असा आहे. तेव्हां आपल्यासारख्या मोठ्या कुटुंबांत राहणाऱ्या माणसांस हें शास्त्र अवघड जाण्याचें कारण नाहीं. जीव एकमेकांच्या संगतींत व भोंवतालच्या हवापाण्यांत कसे नांदतात, याचा हा विचार आहे. त्यांत दोन शब्द प्रथम नीट समजून घ्यावे. एका ठिकाणीं राहणाऱ्या एकाच जातीच्या जीवांचा समूह म्हणजे जीवसंख्या. माळावरचीं सर्व पांढऱ्या पाठीचीं गिधाडें ही एक जीवसंख्या. आणि त्याच माळावरचीं गिधाडें, कुत्रीं, कावळे, उंदीर, गाई, गवत, किडामुंगी हीं सर्व मिळून झाला समुदाय. पहिल्यास घर म्हटलें तर दुसरा म्हणजे सारी आळी.

आतां एखाद्या घरांतील माणसें वाढतात किंवा कमी होतात तीं कशीं? चार मार्गांनीं. पाळणा हलला कीं एक वाढतें. कोणी देवाघरीं गेलें कीं एक कमी होतें. सून आली कीं वाढतें. लेक सासरीं गेली कीं कमी होतें. पांचवा मार्ग नाहीं. पशुपक्ष्यांच्या संख्येचा जमाखर्चही याच चार रकान्यांत मांडितात: जन्म, मृत्यु, आगमन आणि निर्गमन. कोणतीही जात वाढली किंवा घटली तर या चारांपैकीं कोणता आंकडा हालला, हें शोधणें हेंच शास्त्रज्ञाचें पहिलें काम.

केवळ जन्मच होत राहिले आणि कांहीं अडथळा आला नाहीं तर संख्या चक्रवाढ व्याजासारखी फुगते. इंग्लंडांतील पाद्री माल्थस यानें १७९८ सालीं ही गोष्ट माणसांविषयीं ठांसून सांगितली. पुढें १८३८ सालीं व्हर्हुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञानें दाखविलें कीं, प्रत्यक्षांत ही वाढ अखंड चालत नाहीं. आरंभीं मंद, मग भरधांव, आणि अन्नपाणी व जागा अपुरी पडूं लागली कीं पुन्हां मंद होत होत ती एका मर्यादेशीं येऊन ठेपते. त्या मर्यादेस भूमीची धारणक्षमता म्हणतात. दहा माणसांच्या शिधासामग्रींत बाराजणांचें कसेंबसें भागतें, पंचवीसजणांचें भागत नाहीं, हें कोणत्याही गृहिणीस व्हर्हुल्स्टसाहेबाच्या आधींपासून ठाऊक आहे.

परंतु जीव नेहमीं त्या मर्यादेशीं शहाण्यासारखे थांबतातच असें नाहीं. उत्तरेकडील बेरिंग समुद्रांत सेंट मॅथ्यू नांवाचें एक ओसाड बेट आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, तेथील अमेरिकन ठाण्यावरच्या लोकांना अडीअडचणीस मांस मिळावें म्हणून २९ रेनडियर हरणें त्या बेटावर सोडण्यांत आलीं. लवकरच युद्ध संपलें, माणसें निघून गेलीं, हरणें राहिलीं. बेटावर लांडगा नाहीं, शिकारी नाहीं, आणि जमिनीवर दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीचा जाड गालिचा पसरलेला. १९५७ सालीं मोजणी झाली तेव्हां हरणें १,३५० झालीं होतीं. १९६३ सालीं सुमारें ६,०००. तोंवर तो गालिचा खरवडून निघाला होता. ती वनस्पति इतकी सावकाश वाढते कीं गेलेली भरून येण्यास कित्येक वर्षें लागावीं. त्याच वर्षाच्या अखेरीस अतिशय कडक हिंवाळा पडला. १९६६ सालीं प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड क्लाइन पुन्हां बेटावर गेले, तों जिकडेतिकडे सांगाडे. जिवंत हरणें अवघीं ४२, आणि त्यांतही नर एकच, तोही सदोष. पुढें तींही संपलीं. ज्या घरानें मुद्दल खाऊन सण साजरे केले त्या घराची ही कथा आहे. व्याजावर राहिलीं असतीं तर हरणें आजही असतीं.

येथें आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. कांहीं जीव पुष्कळ पिलें घालतात आणि त्यांतलीं बहुतेक मरतात. उंदीर, बेडूक, मासे या वर्गांतले. कांहीं जीव अपत्य एकच घालतात, तेंही सावकाश, परंतु त्याला जिवापाड जपतात; हत्तिणीचें गर्भारपण बावीस महिन्यांचें असतें. पहिल्या वर्गावर संकट आलें तर दोन-चार वर्षांत संख्या पूर्ववत् होते. दुसऱ्या वर्गावर आलें तर पिढ्या लागतात. आपलें गिधाड या दुसऱ्या वर्गांतलें आहे. मादी वर्षांतून एकच अंडें घालते, आणि पिलू स्वतः संसारास लागण्यास सुमारें पांच वर्षें जावीं लागतात. हा संसार चालतो तो एकाच भरंवशावर: मोठीं झालेलीं गिधाडें फार वर्षें जगतात. तो भरंवसा तुटला तर काय होतें, तें पुढें येईल.

घर झालें, आतां आळीकडे वळूं. आळींतले शेजारी एकमेकांशीं तीन प्रकारें वागतात: कोणी एकाच वस्तूसाठीं भांडतात, कोणी एकमेकांस खातात, आणि कोणी परस्परांच्या उपयोगीं पडतात. पहिल्या प्रकारावर मॉस्को येथील गॉझ या तरुण शास्त्रज्ञानें केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्याचा ग्रंथ १९३४ सालीं निघाला. त्यानें पाण्यांतील अतिसूक्ष्म जीवांच्या दोन जाती घेतल्या. वेगवेगळ्या नळ्यांत ठेविल्या तेव्हां दोन्ही सुखानें वाढल्या. एकाच नळींत, एकाच अन्नावर ठेविल्या, तेव्हां एक जात वाढत गेली व दुसरी नामशेष झाली. मग त्यानें तिसरी जात आणून हरलेल्या जातीबरोबर ठेविली. आणि नवल असें कीं, दोघी टिकल्या. पाहतां पाहतां उलगडा झाला: एक पाण्याच्या वरच्या भागांत चरत होती, दुसरी तळाशीं. तात्पर्य, एकच वृत्ति धरून दोन जाती फार काळ एकत्र राहूं शकत नाहींत. वृत्ति थोडी वेगळी केली तर राहूं शकतात. आपल्या वाड्यांत दोन जावा एकाच चुलीपुढें कटकट करितात आणि एकीनें देवघर व दुसरीनें कोठार संभाळलें कीं गोडीनें नांदतात, त्यांतलाच हा प्रकार, असें म्हटलें तर वाचकभगिनींनीं राग मानूं नये.

गिधाडांच्या पंगतींतही हीच वांटणी होती. पांढऱ्या पाठीचें गिधाड उंच झाडांवर घरटें बांधतें, तर लांब चोचीचें सह्याद्रीच्या कड्यांवर; म्हणून दोघांत जागेसाठीं कलह नाहीं. जेवणाच्या वेळीं कोणी जाड कातडें फाडण्यांत प्रवीण, कोणी पोटांतलें मऊ मांस ओढण्यांत, आणि ठेंगणें पांढरें गिधाड बाजूस उभें राहून सांडलें-लवंडलें वेंचून खाणारें. ज्याची त्याची जागा ठरलेली.

दुसरा प्रकार, भक्ष्य आणि भक्षक यांचा. याचें गणित ज्या प्रसंगानें जन्मास आलें तो प्रसंग खरोखर कौटुंबिक आहे. उम्बेर्तो डांकोना हा इटालियन प्राणिशास्त्रज्ञ एड्रियाटिक समुद्रकांठच्या बाजारांतील मासळीच्या नोंदी तपाशीत होता. फ्यूमे बंदरांत मोठ्या, दुसऱ्या माशांस खाणाऱ्या मासळीचें प्रमाण १९१४ सालीं शेंकडा १२ च्या आसपास होतें, तें १९१८ सालीं ३६ पर्यंत चढलें. पहिल्या महायुद्धामुळें मासेमारी कमी झाली होती हें खरें. पण त्याचा लाभ खादाड माशांनाच कां व्हावा? त्यानें हा प्रश्न आपले सासरे, विख्यात गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा, यांच्यापुढें टाकला. जांवयाचा प्रश्न सासऱ्यानें मनावर घेतला आणि १९२६ सालीं उत्तर प्रसिद्ध केलें. भक्ष्य वाढलें कीं त्यामागून भक्षक वाढतात. भक्षक वाढले कीं भक्ष्य घटतें. भक्ष्य घटलें कीं भक्षक उपाशी मरतात. आणि मग पुन्हां भक्ष्य वाढतें. हा झोंपाळा चालूच असतो. अमेरिकेंत लोट्का यांनींही स्वतंत्रपणें हेंच गणित मांडलें होतें. त्यांतून निघणारा एक निष्कर्ष शेतकऱ्यानें भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे: दोघांनाही सारखाच मार देणारा उपाय केला, तर नुकसान अधिक होतें तें भक्षकाचें. पिकावर जें विष कीड आणि कीड खाणारे किडे दोघांवरही पडतें, त्यानें पुढच्या हंगामांत कधीं कधीं कीडच अधिक माजते, याचें कारण हेंच.

गिधाडाचें नातें मात्र याहून निराळें आहे. तें कोणास मारीत नाहीं, मेलेलेंच खातें. गिधाडें वाढलीं म्हणून गाई कमी होत नाहींत. त्यामुळें या झोंपाळ्यावर तें बसतच नाहीं. जेवढें वाढलें जाईल तेवढें जेवणारा हा पाहुणा आहे.

आतां शेवटची कल्पना. सर्व शेजाऱ्यांचें महत्त्व सारखेंच असतें काय? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन नांवाच्या प्राध्यापकांनीं १९६३ पासून एक सोपा परंतु चिकाटीचा प्रयोग केला. खडकावरची एक विशिष्ट जातीची तारामासोळी ते वेंचून समुद्रांत भिरकावून देत. शेजारचा तसाच खडक मात्र जसाच्या तसा राखीत. त्या तारामासोळीचें आवडतें खाद्य म्हणजे खडकाला चिकटणारे कालवासारखे शिंपले. खाणारा गेला, तसे शिंपले पसरूं लागले आणि इतरांना जागा उरेना. मूळच्या १५ जातींपैकीं १९६६ पर्यंत ८ च राहिल्या. कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड काढला तर सगळी कमान ढांसळते. त्याच दगडाचें नांव पेन यांनीं १९६९ सालीं अशा जातींना दिलें. संख्येनें थोडी, पण तिच्या जाण्यानें सारी आळी बदलावी, अशी ती जात.

एवढी सामग्री हाताशीं घेऊन आतां नातवाच्या प्रश्नाकडे परत येऊं.

राजस्थानांतील भरतपूरच्या पक्षितीर्थांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांना गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दिसून आलें कीं गिधाडें मान खालीं टाकून झाडांवर बसतात आणि मरून पडतात. पुढें देशभर मोजण्या झाल्या. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक एवढीं उरलीं. लांब चोचीच्यांची गतही फार वेगळी नव्हती. शंभरांत तीनच शिल्लक. जगांतल्या कोणत्याही पक्ष्याची संख्या इतक्या वेगानें घटल्याचीं उदाहरणें फारच विरळा.

आपल्या चार रकान्यांत पाहिलें तर हालला होता तो मृत्यूचा आंकडा. रोगाची शंका आली, पण रोग सांपडला नाहीं. शेवटीं पाकिस्तानांतील पंजाबांत काम करणाऱ्या लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं कारण उघड केलें. मेलेल्या गिधाडांच्या पोटांतील इंद्रियांवर युरिक आम्लाचे पांढरे कण चुन्यासारखे बसलेले आढळत, म्हणजे मूत्रपिंडें निकामी झालेलीं. आणि त्या सर्वांच्या शरीरांत डायक्लोफिनॅक हें औषध सांपडलें. गुरांच्या वेदना व सूज कमी करण्यासाठीं तें सर्रास टोंचलें जात असे. सुई दिल्यानंतर एक-दोन दिवसांत जनावर दगावलें तर त्याच्या मांसांत तें औषध राही, आणि गाईला जें उपकारक तेंच गिधाडाला हलाहल ठरे.

तुम्ही म्हणाल, मेलेल्या सगळ्याच ढोरांना कोठें ही सुई दिलेली असते? खरें आहे. शास्त्रज्ञांनीं हिशेब केला तो चकित करणारा आहे: शंभर मृत जनावरांपैकीं एकाहूनही कमी विषारी असलें, तरी एवढा संहार घडण्यास पुरेसें होतें. माझ्यासारख्या जुन्या मास्तरास हें उदाहरण फळ्यावर मांडून पाहिल्याशिवाय चैन पडेना. समजा, गिधाड तीन दिवसांतून एकदां जेवतें. वर्षाचीं जेवणें झालीं सुमारें १२२. समजा, दोनशें ढोरांत एकच विषारी आहे. एका जेवणांत वांचण्याची शक्यता दोनशांत १९९. पण हाच फांसा १२२ वेळां टाकावयाचा. गुणाकार करीत गेलें तर वर्षाअखेर शंभरांतून ५४ गिधाडें वांचतात, ४६ मरतात! आणि पिलू मात्र जोडप्यामागें वर्षाला फार तर एक, तेंही पांच वर्षांनीं कामाला येणार. दरवर्षीं जवळजवळ निम्मी संख्या गेली तर बारा वर्षांच्या आंत हजाराचें एक होतें. पंगतींत सर्वजण एकाच पानावर जेवतात, म्हणून एक विषारी ढोर पन्नासांना पुरतें, हेंही खरेंच. जो जीव फार जगण्याच्या भरंवशावर थोडीं पिलें घालतो, त्याच्या मृत्यूचा आंकडा जरासा हालविला कीं सारा संसार कसा कोसळतो, हें याहून स्पष्ट दाखविणारें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

पान रिकामें झालें, पण वाढणें थांबलें नाहीं. माळावर ढोरें पडतच राहिलीं. मोठा थवा तासाभरांत ज्याचा सांगाडा करी, तें आतां दिवसेंदिवस कुजत पडूं लागलें, आणि रिकाम्या पानावर येऊन बसलीं भटकीं कुत्रीं. कुत्री वर्षाच्या आंत वयांत येते आणि एका वेतांत चार-सहा पिलें घालते. ती पहिल्या वर्गांतली. वाढत्या अन्नावर तिची संख्या कशी फुगते हें सेंट मॅथ्यू बेटावर आपण पाहिलेंच. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें या काळांत देशांतील कुत्रीं सुमारें ५५ लाखांनीं वाढलीं, आणि १९९२ ते २००६ या अवधींत जलसंत्रासानें, म्हणजे रेबीजनें, सुमारें ४८,००० माणसें अधिक दगावलीं असावीं. २०२४ सालीं फ्रँक व सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं याहून व्यापक हिशेब मांडला. जेथें पूर्वी गिधाडें पुष्कळ होतीं ते जिल्हे आणि जेथें तीं मुळांतच थोडीं होतीं ते जिल्हे यांची त्यांनीं तुलना केली; दूषित पाणी, कुत्रीं, रोगराई सर्व धरून २००० ते २००५ या वर्षांत दरसाल सुमारें एक लाख माणसें अधिक मेलीं, असा त्यांचा अंदाज आहे. मुंबईंत मलबार टेंकडीवर पारशी बांधवांच्या दोखम्यांत शतकानुशतकांचा जो विधि गिधाडांवर अवलंबून होता, त्यासाठीं सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसविण्याची वेळ आली. ज्याला आपण अमंगळ समजून नाक दाबीत होतों, तो कमानीच्या माथ्यावरचा दगड होता.

येथें एक गोष्ट सांगावयाची कीं नाहीं, याचा मीं पुष्कळ विचार केला. पण वाचकांपाशीं आडपडदा कशाला? आमच्या घरीं कपिला नांवाची गाय होती. माझ्या आईनें तिला वासरापासून वाढविलें होतें. म्हातारपणीं तिचे सांधे धरले. ती उठूं शकेना, रात्रभर हंबरे. १९९६ सालच्या थंडींत मीं गुरांच्या डॉक्टरांस बोलाविलें. त्यांनीं दोन दिवस सुई दिली. गाईचें कण्हणें थांबलें, आईनें समाधानानें तिच्या तोंडांत गुळाचा खडा घातला, आणि तिसऱ्या दिवशीं पहांटे गाय गेली. रीतीप्रमाणें ती माळावर नेऊन ठेविली गेली. दुपारीं आकाशांत ठिपके दिसले होते, हें मला चांगलें आठवतें. आमच्या माळावर गिधाडें उतरलेलीं मीं पाहिलीं तीं तीच शेवटचीं. नातवानें प्रश्न विचारिला त्या रात्रीं मीं त्या वर्षाची जमाखर्चाची वही काढली. आंत माझ्याच अक्षरांत नोंद आहे: "कपिलेस डायक्लोफिनॅक, सुया दोन." डॉक्टरांनीं त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणें योग्य तेंच केलें, आणि मीही मुक्या जिवाच्या वेदना पाहून केलें. दोष कोणाचा, हा प्रश्न नव्हे. परंतु दयेनें केलेलें कर्मसुद्धां आळींतल्या कोणत्या घरापर्यंत जाऊन पोंचतें, हें त्या एका ओळीनें मला जितकें कळलें तितकें कोणत्याही ग्रंथानें कळलें नव्हतें.

पुढची हकीकत अगदींच निराशेची नाहीं. २००६ सालीं आपल्या सरकारनें गुरांसाठीं डायक्लोफिनॅक बनविण्यास बंदी केली. माणसांसाठीं असलेल्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ सालीं ती कुपी एकाच मात्रेची, ३ मिलिलिटरची, करण्यांत आली. तसेंच घातक ठरलेलें किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक हीं औषधें २०२३ सालीं गुरांसाठीं बंद झालीं. मेलॉक्सिकॅम हें औषध गुरांना गुण देतें आणि गिधाडांस बाधत नाहीं, हें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. हरियाणांत पिंजोर येथें गिधाडांची पैदास केली जाते. तेथें वाढलेलीं कांहीं गिधाडें २०२४ सालीं आपल्या विदर्भांत ताडोबा व पेंच येथें आणून सोडलीं. त्यांतलीं कांहीं दगावलीं. आरंभ म्हटला कीं असें व्हावयाचेंच. रायगड जिल्ह्यांत म्हसळा तालुक्यांतील चिरगांवच्या लोकांनीं घरट्यांचीं झाडें राखिलीं आहेत. पण संख्येचें गणित आपण पाहिलें आहे. जी संख्या पंधरा वर्षांत बुडाली ती वर्षाला एक अंडें या वेगानें भरून येण्यास माझ्या नातवाचे केस पांढरे व्हावे लागतील; आणि तेंही मृत्यूचा आंकडा पुन्हां वर चढला नाहीं तर.

तेव्हां ज्या वाचकांच्या घरीं किंवा गांवाकडे गुरें आहेत त्यांनीं एवढें करावें. वेदनेवरची सुई देण्याची वेळ आली तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमच मागावें. निराळी सुई दिल्यावर जनावर दगावलें तर तें उघड्यावर न टाकतां खोल पुरावें. जुनें उंच झाड तोडण्यापूर्वीं वर घरटें नाहीं ना, हें पाहावें. गणेशचतुर्थीपासून दसऱ्यापर्यंत आपण जितका खर्च करितों, त्या मानानें हा खर्च कांहींच नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं गृहस्थास रोजचे पांच यज्ञ नेमून दिले, त्यांत भूतयज्ञ एक आहे. स्वतः जेवण्यापूर्वीं गाईचा, कावळ्याचा, कुत्र्याचा, किडामुंगीचा घांस बाजूस काढावयाचा. लहानपणीं मला वाटे कीं हें दान आहे. आतां वाटतें कीं ही कबुली आहे: या आळींत आपण एकटे राहत नाहीं, ही कबुली. गिधाडासाठीं निराळा घांस काढण्याची कधीं गरज पडली नाहीं. त्याचें पान माळावर आपोआप वाढलें जाई. त्याच पानांत आपण नकळत विष वाढलें. आतां जाणून-समजून तें पान पुन्हां स्वच्छ करणें, एवढाच भूतयज्ञ आपल्या पिढीच्या वांट्यास आला आहे.

नातवास मीं सांगितलें आहे कीं येत्या माघांत, घरट्यांत पिलें असतील तेव्हां, त्याला व त्याच्या आईला मी कोंकणांत घेऊन जाईन. दुरूनच पाहूं, आवाज न करतां. त्यानें लगेच विचारिलें, "आजोबा, तें जटायूचें पिलू असेल का?"

मीं म्हटलें, "होय बाळ. त्याच घराण्यांतलें."